मनी की मणी

४ डिसेंबर १९७७, रविवार

कमळी, आधी माझी चूक पोटात घाल. ही वही तू भाऊबिजेला माझ्या हातात दिलीस आणि आज तीन आठवड्यांनी मी तिच्यात पहिलं अक्षर लिहितो आहे. आधी भाताची झोडणी होती. मग चष्म्याची काडी मोडली. ती नीट झाली, तर कोरं पान बघूनच भीती वाटायला लागली. चौथी शिकलेल्या माणसाने एवढी चांगली वही खराब करायची म्हणजे काय! तू म्हणालीस, "बाबा, दिवसभर कुरकुरता ते दादाचे कानाशी नको, ह्यात लिवा. पुढल्या खेपेला येईन तवा वाचीन." म्हणून लिहितो. दुसऱ्या कोणाला दाखवणार नाही.

लिहायचं काय, तर काळजी. तुझ्या दादाच्या, हरेश्वरच्या, मथुराचं लग्न वसंतपंचमीला ठरलं. माणसं खाडीपलीकडची, बरी वाटतात. पण बरी वाटतात म्हणजे बरी असतात का, हे मला या वयातही सांगता येत नाही.

तुझी एक गोष्ट मनात राहिली. तू एकच दिवस राहिलीस. थंडी पडली नव्हती तरी लांब बाह्यांचं पोलकं घालून होतीस. तुझ्या सासरी वापीला तशी फॅशन असेल. सूनबाई म्हणाली, वन्सं बारीक झाल्या. मी म्हटलं, तिकडे पाणी लांबून आणावं लागतं, त्याने होतं.

११ डिसेंबर, रविवार

आज शाळेतले दिवाकर मास्तर घरी आले. ते वाडीवाल्यांपैकी, केळी-पानवेलीच्या बागायती घरातले, त्यात शिकलेले, त्यामुळे बोलणं एकदम पुस्तकासारखं. खांद्याला टेपरेकॉर्डर होता. आमच्याकडच्या लग्नातल्या गाण्यांचं ते पुस्तक काढणार आहेत. म्हणाले, "काका, गावात तुमच्याकडेच गाण्यांची जुनी वही आहे असं कळलं."

मला फार बरं वाटलं. ती वही मी एकोणचाळीस साली लिहिली होती. तेव्हाची धवलारीण, म्हणजे लग्न लावताना गाणारी बाई, म्हातारी झाली होती. तिच्याबरोबर गाणी जातील म्हणून मी तिच्या पायाशी बसून लिहून घेतली. गावात अक्षर येणारा तेव्हा मी एकटा.

मास्तर एकेक पान उलटत होते. पाठवणीच्या गाण्यावर थांबले. मोठ्याने वाचलं:

दुखलं-खुपलं, मणी ठेव, बाय,
म्हायेराला कलव गो.

"हा मणी कसला, काका?"

मी सांगितलं. पाठवणीच्या वेळी आई आपल्या गळ्यातल्या काळ्या पोतीतला एक मणी काढून मुलीच्या पदराला बांधते. सासरी सोसवेनासं झालं की मुलीने तो मणी कोणाबरोबर तरी माहेरी धाडायचा. मणी आला की काय झालं, कोणाचं चुकलं, काही विचारायचं नाही. बापाने-भावाने त्याच दिवशी जायचं आणि मुलीला घेऊन यायचं. एवढ्या वर्षांत चार मणी आले. चारही वेळा माणसं गेली.

मास्तर ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "फार सुंदर आहे. पण मी सात गावं फिरलो. हा मणी दुसरीकडे कुठेच नाही. तिथे बायका वेगळं गातात."

आम्ही पुतळाबाईकडे गेलो. आताची धवलारीण तीच, त्या म्हातारीची सून. ओटीवर वाल सोलत होती. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून मास्तर उजवीकडे जाऊन ओरडले, "आजी, तुमच्या सासूबाईंनी शिकवलं तसं म्हणा. अगदी तसंच."

पुतळाबाईने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तसाच पायजे?" आणि गायली:

दुखलं-खुपलं मनी ठेव, बाय,
म्हायेराला कलवू नको.

मणी नाही. मनी. मनात ठेव. आणि कळव गो नाही, कळवू नको.

मास्तरांनी यंत्र बंद केलं. मी वालाच्या सालांकडे बघत बसलो.

१२ डिसेंबर, सोमवार

हे कसं झालं ते मला ठाऊक आहे, म्हणून इथे कबूल करतो. आमच्या तोंडात ण नाही. पाणी आम्हाला पानी, मणी आम्हाला मनी. शाळेत मी पाटीवर 'पानी' लिहिलं, तर गुरुजींनी तळहातावर छड्या दिल्या, बोटं मिटेनात. तेव्हापासून 'न' लिहिताना माझा हात बिचकतो. शंका आली की मी 'ण' लिहून मोकळा होतो. म्हातारी गायली 'मनी', मी शहाणपणाने 'मणी' लिहिलं. पुढे ती खोकली असेल, सूर ओढला असेल, मला 'कलव गो' ऐकू आलं. मणी असल्यावर कळव हेच जुळतं, नाही का? पुढच्या वर्षी बायकांनी अर्थ विचारला. मी वही उघडून सांगितलं, मणी म्हणजे गळ्यातला मणी. वहीत आहे म्हटल्यावर कोण बोलणार? त्याच लग्नात पहिला मणी बांधला गेला.

म्हणजे एका ण वर माणसं काठ्या घेऊन परगावी गेली. पाटलांच्या हौशीला आणलं तेव्हा तिच्या सासऱ्याचं डोकं फुटलं होतं. हौशी आज बाजारात भाजी विकते, तिची दोन्ही पोरं शिकली. पण तिचं घर मोडलं ते माझ्या चुकीने मोडलं का? जेवण गेलं नाही. हरेश्वर म्हणाला, "बाबा, चालीस वर्षांपूर्वीचे काना-मात्रेसाठी आज कशाला उपाशी?"

काना-मात्रा नव्हे रे, अक्षर.

१५ डिसेंबर, गुरुवार

मास्तरांनी निरोप धाडला की पुस्तकात मूळ शब्दच छापायचे, खाली 'माहिती : श्रीपत' असं माझं नावही येईल. मी होकार कळवला. मास्तरांपुढे माझा आवाज अजूनही फुटत नाही.

मग वाटलं, लोकांना पुस्तकातून कळण्याआधी निदान आपल्या मुलीला आपण सांगावं. तुला पत्र टाकलं. मजेत लिहिलं, तुला हसू यावं म्हणून. लिहिलं की, कमळे, तुझ्या आईने बांधलेला तो मणी म्हणजे तुझ्या चौथी शिकलेल्या बापाची चूक. खरं गाणं सांगतं की दुखलं-खुपलं मनात ठेव, माहेराला कळवू नको. आता पुस्तकातही तसंच येणार.

पत्र पेटीत पडलं आणि जरा हलकं वाटलं.

७ जानेवारी १९७८, शनिवार

तुझं कार्ड आलं. या वेळी तीन आठवडे लावलेस. मी रोज पोस्टमनच्या वाटेवर उभा.

लिहिलं आहेस, "बाबा, पत्र पावलं. मण्याचं वाचलं. बरं केलंत सांगितलंत, आता सगळं कळलं. मी बरी आहे. मथुराच्या लग्नाला जमेल असं वाटत नाही."

वाईट वाटून घेतलं नाहीस, समजूतदारपणे घेतलंस. तुझा स्वभाव आईवर गेला. लग्नाला मात्र जमवच. सख्ख्या भावाची मुलगी.

२९ जानेवारी, रविवार

घरात तंटा. मास्तरांचं म्हणणं गावभर झालं आहे. सूनबाई विचारते, पोतीतला मणी काढायचा की नाही? खरं गाणं वेगळं असेल तर सुवासिनीने पोत कशाला तोडावी, अपशकुन व्हायचा. हरेश्वर म्हणाला, "नको काढू. सोयऱ्यांना तरी काय वाटेल? पोरगी देतानाच परत न्यायचा बंदोबस्त?"

मथुरा तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून उठली आणि बापाला म्हणाली, "दादा, तुमी मना गोदरेजचा कपाट देताय, बारा भांडी देताय. ती सगली त्या लोकांची होनार. माझा असा तो एक मनी, तो पन मास्तरचे पुस्तकानं न्यायचा?"

"गाना चुकीचा हाय गो."

"असू दे चुकीचा. बरोबर गाना म्हनत मी एक दिस पन नांदनार नाय."

हल्लीच्या मुली फार बोलतात. तुझ्या वेळी असं नव्हतं. मी मधे पडलो नाही. पण मथुरा माझ्याकडे अशी बघत होती की मी उठून गुरांना पेंढा टाकायला गेलो. गुरांनी सकाळीच खाल्लं होतं.

८ फेब्रुवारी, बुधवार

आज पास्कल आला होता. आपल्या बांधाला ज्यांची वाडी लागून आहे त्यांचा थोरला. टेम्पोतून केळी घेऊन तो वापीच्या बाजाराला जातो. तुझी पत्रिका मी त्याच्याच हाती दिली होती, पोस्टावर विश्वास नव्हता म्हणून.

पास्कल एरवी बडबड्या. आज पाणी मागितलं आणि भांडं हातात धरून बसला.

"पत्रिका दिली, शिरपतकाका."

"काय म्हणाली?"

"आत बोलावला नाय. दारातूनच बोलली. हात गल्यात बांधलेला. मी इचारला, काय झाला? तर बोलली, नलावर पाय घसरला."

"शेवाळ असेल," मी म्हटलं. "मी लिहितो तिला, दगड घासून घे म्हणून."

पास्कल म्हणाला, "लिवा." मग दाराशी जाऊन परत वळला. "काका, मे महिन्यात गेलो होतो तवापन नलावरच पडली होती. तवा डोला सुजलेला. तुमाला सांगू नको बोलली, म्हनून नाय सांगितला."

तो गेल्यावर मी तुला शेवाळाबद्दल चार ओळी लिहायला घेतल्या. चुना टाकावा, वहाण घालून जाऊ नये. लिहिता लिहिता ते लांब बाह्यांचं पोलकं डोळ्यांपुढे आलं. आणि भाऊबिजेला टेम्पोत चढताना तू विचारलेलं आठवलं. "बाबा, तुमचे गुडगे आता असे. कोनाचा मनी आला तर तुमी अजून जाल?" मी हसून म्हटलं होतं, "देव करो नि कोणाचा न येवो." तूही हसली होतीस.

ते पत्र पुरं केलं नाही.

९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळीच पुतळाबाईकडे गेलो. तिला ओरडून सांगावं लागतं आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नव्हती. तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन नळाचं सांगितलं.

ती म्हणाली, "एकच नल, तेवर दोन वेला पडते का कोन?"

मी तिच्या शेजारी ओटीवर टेकलो.

"शिरपत, माझा हा कान कशानी गेला म्हाईत हाय?"

"ताप आला होता ना लहानपणी?"

"लगनाला दोन वर्सा झालती. भाकर करपली. नवऱ्याची इथं बसली." तिने डाव्या कानावर हात ठेवला. "सासू चुलीपाशीच होती. रातची माझे कानात त्याल घालताना तिनी हाच गाना म्हटला. मनी ठेव, बाय, कलवू नको. मी ठेवला. म्हायेर माझा अर्नाल्याचे वाटेवर, चालत गेली तर सांज व्हायचे आत पोचली असती. कलवला नाय. आई मरेस्तवर बोलली, पुतलीचा बेस चाललाय."

"मग मी वहीत चुकीचं लिहिलं ते तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"कलनार नाय तर? गाना माझे घरचा."

"बोलला का नाहीत?"

ती हसली. दात नाहीत, पण हसली. "तुजा वाचून बायका मनी बांधाया लागल्या. मी कशाला बोलू? सासू गेली तवापासून मी पन तुजाच गाते. मास्तरनी सासूचा मागितला, मी सासूचा दिला. मना काय म्हाईत तू लगेच घाबरशील."

मी म्हटलं, "मी कमळीला लिहून कळवलं की मणी खोटा."

पुतळाबाईच्या हातातलं काम थांबलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन हरेश्वरला म्हटलं, आपण जाऊ. तो म्हणाला, "बाबा, मनी आलेला नाय. बोलावल्याबिगर गेलो, नि कमलीच नाय बोलली, तर? आपन परत येऊ, ती तितंच रानार. मागाहून तिचे काय हाल?" तोही खोटं बोलत नव्हता. मणी आला असता तर प्रश्न नव्हता. मणी येण्याची वाट मीच बंद केली.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेत गेलो. मधली सुट्टी होती. मास्तर पुस्तकाचे कागद लावत होते. मी उभाच राहिलो.

"मास्तर, ते पाठवणीचं गाणं माझ्या वहीतलं छापा."

"काका, चूक आहे हे तुम्हीच मान्य केलंत. पुस्तकात खोटं कसं छापू?"

"खोटं कुठे? चाळीस वर्षं बायका हेच गातात. चार मुली त्या गाण्यावर घरी आल्या."

"पण मूळ शब्द…"

"मूळ शब्द ज्या बाईने सांगितले, तिचा कान कसा गेला ते तिला विचारा. माझं नाव घाला. चूक श्रीपतची, असं लिहा. लोक मला हसू देत."

माझा आवाज मोठा झाला असावा, पोरं खिडकीत जमली. मास्तरांनी त्यांना हाकललं. चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, "खाली टीप देतो. दोन्ही पाठ येतील."

टीप म्हणजे काय ते मी विचारलं. पानाच्या तळाला बारीक अक्षरांत लिहितात म्हणे.

मी म्हटलं, "मग कळवू नको ते खाली बारीक छापा. कळव गो ते वर, मोठं."

मास्तरांनी कागदावर बाण काढून खालचं वर नेलं.

१२ फेब्रुवारी, रविवार, वसंतपंचमी

लग्न पार पडलं. भात थोडा कमी पडला, सावरून घेतलं. तू आली नाहीस. जो तो विचारत होता, आत्या कुठे? मी म्हणत होतो, जावयांना रजा नाही.

पाठवणीला पुतळाबाईला दोघींनी धरून मांडवात आणलं. मास्तर यंत्र घेऊन जवळ बसले. म्हातारीचा आवाज फाटका, पण मांडवाबाहेर सोयऱ्यांचा बँड होता तोही थांबला. 'दुखलं-खुपलं' म्हटलं आणि तिने माझ्याकडे बघितलं. मग 'मनी ठेव'. आणि मग, कमळी, मी जन्मात ऐकलं नाही असं ती ओरडून गायली, "म्हायेराला कलव गो". सगळ्या बायकांनी तेच तीनदा म्हटलं. हौशी तर मांडवाच्या खांबाला धरून म्हणत होती.

सूनबाईने पोत तोडली. मणी काढून मथुराच्या पदराला गाठ मारली. मथुराच्या सासूने विचारलं, "हा काय?"

पुतळाबाईला बरोबर ऐकू आलं. "आमचेकडं असाच करतात, विहीनबाई. हा मनी परत आला तर आमची मानसा येतात. न आला तर तुमचे घरी सुख."

सासूचं तोंड जरा उतरलं. पण मथुराच्या पाठीवरचा पदर तिनेच नीट केला, ते मी पाहिलं.

माणसं पांगल्यावर हरेश्वर माझ्याजवळ येऊन बसला. डोळे लाल होते, म्हणाला चुलीचा धूर गेला. मग म्हणाला, "बाबा, तुमी जाल तवा मी पन येतो."

१३ फेब्रुवारी, सोमवार

कमळी, ही वही तू परत येशील तेव्हा वाचणार होतीस. तोवर थांबता येत नाही. पास्कलचा टेम्पो उद्या निघतो, त्याच्याबरोबर पाठवतो आहे. जावई कामाच्या पाळीला गेल्यावर तुझ्याच हातात दे असं त्याला बजावलं आहे. पण त्यांच्या हाती पडली तरी पडू दे. मी कोणाचं नाव घेऊन काही लिहिलेलं नाही. मणी म्हणजे काय ते त्यांनाही कळू दे.

माझं डिसेंबरचं पत्र फाडून टाक. ते मी मास्तरांच्या भीतीने लिहिलं, बापाच्या अकलेने नाही. गाणं चुकीचं असेल, पण त्यावर तुझ्या आईने मणी बांधला तो खरा बांधला. तो बांधताना ती काय बोलली ते मला आजवर तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. आताही विचारणार नाही. काही विचारायचं नाही हाच नियम आहे.

मणी असेल तर पाठव. हरवला असेल, कोणी फेकून दिला असेल, तर पदराचा दोरा पाठव. नुसता कोरा कागद पाठवलास तरी मला समजेल. नांदायचं असेल तर तेही तुझ्या हाताने लिही, पण 'मी बरी आहे' एवढंच नको, मला ते वाचता येत नाही.

पास्कल गुरुवारी परतेल. त्याच्याबरोबर काहीच आलं नाही, तर मणी आला असं धरून मी आणि हरेश्वर शुक्रवारी सकाळी निघतो. दारातून परत पाठवलंस तर ओट्यावर बसून राहू. गुडघे दुखतात, पण बसायला काही होत नाही.

तुझी खोली मथुराच्या सामानाने भरली होती, ती आज रिकामी केली. अक्षराचा, शुद्धलेखनाचा विचार करत बसू नकोस. कसंही लिही, पण लवकर कळव.